कसणाऱ्याला काही कमी पडलं तर

१

भांडण मिटलं की लक्ष्मणराव तात्यांना भूक लागायची. साधीसुधी नव्हे, चांगली सपाटून. दोघं जण तावातावानं येणार, एकमेकांच्या सात पिढ्या उकरून काढणार आणि दिवस कलायच्या आत एकाच तांब्यातलं पाणी पिऊन घरी जाणार. मग तात्या धोतराचा सोगा सावरत घरात शिरायचे आणि म्हणायचे, "वाढ गं. आज एक भाकरी जादा." छबूबाईंना ते ठाऊकच होतं. नवरा चावडीकडं गेला की त्या परातीत पिठाची आणखी एक मूठ टाकायच्या.

इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं की रस्त्यापासून जराशी आत ही वाडी. स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली होती. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला होता, वाडीतली दोनचार पोरं तिकडं कामाला लागून सायकलीवरून मिरवत होती. पण भांडणं मात्र होती तीच. यानं माझा बांध कोरला, त्यानं माझी वाट अडवली, विहिरीची पाळी माझी असताना मोट त्यानं जुंपली. खेडच्या कचेरीत गेलं की नुसत्या तारखा. हेलपाट्यांनी पायताणं झिजायची, शेत आपलं पडीक ते पडीकच. त्यापेक्षा तात्या बरे. ते कुणाचं खात नव्हते आणि कुणाचं ठेवत नव्हते.

त्यांची रीत ठरलेली. कुणी काही सांगायला लागला की पहिला सवाल, "डोळ्यानं पाहिलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हणाला की हात झटकायचे. "ऐकीव न्हाई चालायचं. पुढं बोल." आणि निकाल दिला की शेवटचं वाक्यही ठरलेलं. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "झाला निकाल. आता कुनाला काई कमी पडलं तर माझ्या दारात यावं." आजवर कुणीही आलं नव्हतं. पाहुण्याला निघताना आपण 'या हं परत' म्हणतो, त्यातलंच ते. म्हणायचं आणि विसरायचं.

दुपारी भाकरी खाऊन पडवीत घोंगडीवर आडवं व्हायचं, उन्हं उतरली की उठायचं. पोटात अन्न आणि डोक्यात कुणाचं देणंघेणं नाही. असा सुखी माणूस वाडीत दुसरा नव्हता, आणि हे ते स्वतःही कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

२

त्या वर्षी होळी झाल्यावर गेनबा आणि सयाजी दोघं एकदमच दारात आले. दोघांची रानं लागून. गेनबाची शकू सयाजीच्या बबनला दिलेली, म्हणजे द्यायची ठरलेली. सुपारी फुटली होती, हळदीचा दिवस काढायचा राहिला होता. आणि आता हे दोघं ओसरीच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेले.

"काय रं? कुनाचा बांध?" तात्यांनी पानाला चुना लावत विचारलं.

"ह्याचा!" दोघंही एकदमच बोलले.

तात्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चुना बोटावरच राहिला.

भानगड अशी होती. सरकारी मोजणीदार येऊन दोघांच्या रानांना साखळी लावून गेला होता. गेनबाचा सर्व्हे नंबर पुरा भरला. सयाजीचाही पुरा भरला. आणि मधे, जिथं आधी रुंद गवताळ बांध होता तिथं, एक पट्टी उरली. ना याच्या नंबरात ना त्याच्या. मोजणीदारानं डोकं खाजवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. शेवटी तो दोन्ही बाजूंना दगड रोवून, 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून चाकणला निघून गेला. जमीन उरली, असं वाडीनं कधी ऐकलं नव्हतं. कमी पडलेलीच ठाऊक.

"मग भांडान कशाचं? दोघांनाबी पायजे का?"

"मला न्हाई पायजे!" गेनबा ओरडला. "ती ह्याची हाय."

"माझी कशी? तूच नांगारतोयस तिला," सयाजी उसळला. "तात्या, ह्यो नांगारणार, म्या गप बसणार, आन उद्या ह्योच कचेरीत जाऊन सांगणार की सयाजीनं सरकारी जागा दाबली. सापळा हाय ह्यो."

"म्या कशाला नांगरू? तूच नांगारतोस आन माझ्यावर ढकलतोस!"

तात्यांनी आयुष्यभर जमिनीसाठी डोकी फुटलेली पाहिली होती. जमीन नको म्हणून हमरीतुमरीवर आलेली माणसं ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांना हसूच फुटलं. हसता हसता ठसका लागला, छबूबाईंना पाणी घेऊन बाहेर यावं लागलं.

पण ते दोघं हसले नाहीत. सयाजी उठता उठता म्हणाला, "ह्याचा सोक्षमोक्ष लागस्तवर लगीन न्हाई. असल्या कपट्याच्या घरची सून मला नगं." शकूचं नाव निघालं तसा गेनबाचा चेहरा पडला. तेव्हा कुठं तात्यांच्या ध्यानात आलं की ही पट्टी एका पोरीच्या गळ्यात अडकलीय.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते रानात गेले. पट्टी लांबोडकी होती, जोंधळ्याच्या ताटासारखी सरळ. आणि नांगरलेली होती, यात शंका नव्हती. माती ताजी, खालची काळी वर आलेली. हात घातला तर ओल लागली.

तात्या शेतकरीच होते, त्यांना नांगरट वाचता यायची. आधी त्यांना एवढंच वाटलं की नांगर्‍या नवशिका असावा, कारण नांगराच्या फाळानं पाडलेलं प्रत्येक तास जरासं डावीकडं ओढलं गेलं होतं. मग ते खाली बसले. बैलांच्या खुरांचा एकही ठसा नव्हता.

'नंतर कुळव फिरवला असंल,' त्यांनी मनाशी म्हटलं. पण कुळव फिरवला असता तर ढेकळं राहिली नसती, आणि ढेकळं तर होती. बरं, खुरं नव्हती तर काय होतं? तासाच्या डाव्या बाजूला माणसाची अनवाणी पावलं होती. टाचा उमटल्याच नव्हत्या. नुसते चवडे, बोटं खोल रुतलेली, ओझं ओढताना रुततात तशी. आणि मागून नांगर धरणाऱ्याची वेगळी पावलं, सावकाश टाकलेली. उजव्या बाजूला, जिथं जुवाचा दुसरा बैल चालतो तिथं, माती कोरी होती.

गेनबा मागं येऊन उभा राहिला होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तात्या, दुपारची भाकर खायाला मी बैलं सोडून त्या आंब्याखाली बसतो. पाठ फिरली का इकडं जू करकरतंय. घुंगरू न्हाई, चाबूक न्हाई, हाकारा न्हाई. नुसतं जू. आन वळून बगावं तर तास पडल्यालं असतंय."

"डोळ्यानं पाहिलंस?"

"न्हाई."

"मग ऐकीव," तात्या म्हणाले आणि उठून धोतराची माती झटकली. गरीब माणूस असंल कुणीतरी, त्यांनी स्वतःला समजावलं. बैल नसलेला. बायकोला नाहीतर भावाला जुवाला लावून दुपारच्या वेळी चोरून कसत असंल. दुनियेत असे कितीतरी आहेत. या विचारानं त्यांना उलट बरंच वाटलं, कारण त्यातून त्यांना निकाल सापडला होता.

४

चावडीत त्या संध्याकाळी झाडून सगळी वाडी जमली. कुळकायद्याची दवंडी नुकतीच होऊन गेली होती, जो तो तेच बोलत होता. तात्यांनी घसा खाकरला.

"सरकार काय म्हंतंय? कसंल त्याची जमीन. व्हय का न्हाई?"

"व्हय!" चावडी म्हणाली.

"मग ही पट्टी गेनबाची न्हाई आन सयाजीचीबी न्हाई. जो कसतोय त्याची. तो कोन हे गेनबानं इचारायचं न्हाई आन सयाजीनं इचारायचं न्हाई. आपापले दगड सोडून आत पाऊल टाकायचं न्हाई. मान्य?"

गेनबानं सयाजीकडं बघितलं. हाच कसतोय, कसू दे, माझ्या माथी तर नाही. सयाजीच्या मनातही नेमकं तेच. दोघांच्याही मनासारखं झालं होतं आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याचं बिंग झाकून आपण मोठेपणा केला. असा निकाल सुचायला डोकं लागतं राव! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गुळाची ढेप फोडली.

तात्या भरून पावले होते. मग सवयीनं त्यांचा हात छातीवर गेला. "झाला निकाल. आता त्या कसनाऱ्याला काई कमी पडलं तर माझ्या दारात यावं."

बाहेर कुठंतरी जू करकरल्यासारखं झालं. पण गावात तिन्हीसांजेला बैलं परततच असतात, त्यात काय एवढं. तात्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि घरी जाऊन दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या.

वैशाखात शकूचं लग्न झालं. बबन कारखान्यात असल्यानं आठवडाभर पिंपरीला राहायचा, शनिवारी सायकल हाणत यायचा. शकू सासरच्या रानात राबायची आणि दुपारची एक भाकरी पदराखाली लपवून बापाला नेऊन द्यायची. सयाजीला ते दिसायचं. तो दुसरीकडं तोंड करून तंबाखू मळायचा. तात्या वाटेत भेटले की शकू पाया पडायची. "तात्या, तुमच्यामुळं बरं झालं बगा सारं," म्हणायची. त्यांना त्या दिवशीही जादा भूक लागायची.

५

ज्येष्ठापासून तात्यांना दुपारची झोप मानवेना.

झोप लागायची, चांगली गाढ लागायची. पण उठल्यावर अंग मोडून यायचं. पोटऱ्या भरून आलेल्या, तोंडाला कोरड. वय झालं, ते म्हणाले. छबूबाईंनी सुंठ-गूळ दिला, मग ओव्याचा शेक दिला. काही फरक नाही. मग मान दुखायला लागली. उजवीकडं, खांद्याच्या वर, मानेच्या मागं. तिथली कातडी आधी लाल झाली, मग घट्टा पडायला लागला.

छबूबाई एकदा तेल चोळायला बसल्या आणि खुदकन हसल्या. "अवो, बैलावानी खांदा आलाय की तुमचा! जू वढायला जाता का काय कुठं?"

"तुझ्या घरात चाळीस वर्षं तेच तर करतोय."

"बोलायला काई नगं. मग ह्ये सांगा, दुपारचं जाता कुठं? म्या विहिरीवरनं आले का घोंगडी रिकामी. उन्हं कलली का परत येऊन पडता. सयाजीकडं पत्ते कुटायला ना? म्हाईत हाय मला."

तात्या हसले नाहीत. ते कुठंही जात नव्हते. भाकरी खाऊन पडायचे ते उन्हं उतरल्यावरच डोळे उघडायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाय पोटाशी घेतले. तळव्यांना माती लागली होती, ओली, काळी. वाडीतली माती तांबूस होती. तशी काळी माती एकाच जागी होती.

'अनवाणी अंगणात गेलो असंन,' त्यांनी स्वतःला सांगितलं. अंगणातली मातीही तांबूसच होती. त्यांनी पाय धुतले आणि तो विषय सोडून दिला. सुखी माणसाला विषय सोडता यावा लागतो.

तिकडं पट्टीत बाजरी उगवली होती. अशी बाजरी पंचक्रोशीत नव्हती. सयाजीच्या आणि गेनबाच्या रानावर पाखरांचे थवे उतरायचे, दोघं गोफण फिरवून घायकुतीला यायचे. पट्टीवर पाखरू बसत नव्हतं. आणि तासं, गेनबा बघून सांगत होता, आता सुतात जात होती. डावीकडं ओढ खात नव्हती.

"शिकला वाटतं नांगऱ्या," गेनबा म्हणाला.

तात्यांचा हात नकळत मानेकडं गेला.

६

श्रावणात एका सोमवारी तात्या बायकोला म्हणाले, "आज जाऊ नगंस इहिरीवर. बस हितंच."

"का वो? बरं न्हाई वाटत?"

"बरं वाटतंय. तू बस."

छबूबाई सूप घेऊन उशाशी बसल्या. तांदूळ निवडत राहिल्या. तात्यांचा डोळा लागला. दोनदा झोपेतच ते उठायला लागले तशी छबूबाईंनी खांद्यावर हात ठेवला. ते पुन्हा आडवे झाले. उठले तेव्हा अंग हलकं, पोटऱ्या मोकळ्या, तोंडात लाळ. किती दिवसांनी! "वाढ गं काईतरी," ते म्हणाले. छबूबाईंनी शेंगदाणे आणि गूळ पुढं केला.

पहिला घास तोंडात होता तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला.

रानात गेनबा आणि सयाजी काठ्या घेऊन समोरासमोर उभे होते. पट्टीतलं तण काढायचं कोळपं डावीकडं सुटलं होतं. दगड ओलांडून सयाजीच्या रानात शिरलं होतं आणि भरात आलेली बाजरी ओळीनं उपटत गेलं होतं, थेट बांधापर्यंत.

"तुझ्या मनात व्हतंच हे!" सयाजीनं काठी उगारली. "निकालाच्या आडून घुसायला बगतोस! शके, उचल तुझं गठुडं. जा तुझ्या बापाकडं. असल्या घरची पोर मला नगं."

शकू बांधावर उभी होती. तिला नुकतेच दिवस गेले होते. ती रडत नव्हती, नुसती तात्यांच्या वाटेकडं बघत होती.

"थांबा!" ते धापा टाकत मधे पडले. "ह्यात गेनबाची चूक न्हाई. चूक माझी."

"तुमची कशी?"

काय सांगणार? "निकाल माझा, म्हनून चूक माझी," ते म्हणाले. "तुझी जेवढी गेली तेवढी बाजरी माझ्या रानातली काढून ने. पुना असं व्हायचं न्हाई. माझा शब्द हाय."

सयाजी कुरकुरत काठी टेकून उभा राहिला. तात्यांच्या शब्दापुढं वाडीत कुणी बोलत नसे. शकूनं गठुडं काही उचललं नाही, वाकून उपटलेली ताटं गोळा करायला लागली.

७

दोघं घरी गेल्यावर तात्या एकटे मागं राहिले. उन्हं कलली होती. ते दगडाशी बसले आणि आत पाय न टाकता वाकून बघू लागले.

आजच्या तासात डाव्या बाजूचे चवडे होते, मागची सावकाश पावलं होती, उजवी बाजू कोरी होती. ते बघून त्यांना का कोण जाणे लाज वाटली, कामावर खाडा केल्यासारखी. मग त्यांनी शेजारचं तास बघितलं. कालचं. त्यात डावीकडचे चवडे होते आणि उजवीकडचेही होते.

तात्यांच्या उजव्या पायाचं एक बोट लहानपणापासून अंगठ्यावर चढलेलं. आई म्हणायची, भाग्याचं लक्षण आहे. कालच्या तासात, उजव्या बाजूला, प्रत्येक पावलात एक बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वळून परत.

'डोळ्यानं पाहिलंस?' त्यांच्या आतून कुणीतरी विचारलं. हो, आता पाहिलं.

भीती वाटली का? वाटली. निकाल मागं घ्यावा, आत्ताच, इथंच उभं राहून ओरडून सांगावं की पट्टी कुणाची नाही, माझा शब्द मी परत घेतला. त्यांनी तोंड उघडलंही. पण निकाल मागं घेतला की काय होणार हेही त्यांना दिसत होतं. उद्या पट्टी पुन्हा वाऱ्यावर. परवा या दोघांच्या काठ्या. तेरवा शकू गठुडं घेऊन बापाच्या दारात. आणि मग वाडीतला प्रत्येक जण म्हणणार, तात्याचा निकाल फिरतो, चला आपलाही फिरवू. चाळीस वर्षांत मिटवलेला एकेक बांध पुन्हा पेटणार.

समोरच्या बांधावरून शकू चालली होती. पदराखाली भाकरी लपवून, पट्टीला वळसा घालून, बापाच्या घराकडं. तिनं तात्यांना बघितलं आणि लांबूनच हसली.

तात्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

घरी येऊन त्यांनी छबूबाईंना सांगितलं, "उद्यापासनं दुपारची इहिरीवर जात जा. मला झोपंत कुनी हात लावला का दचकाया हुतंय." छबूबाई म्हणाल्या, बरं बाई, करायचं ते उफराटंच. पुढं तासं सुतात गेली. सयाजीनं तात्यांच्या रानातली बाजरी नेलीच नाही. "जाऊ द्या तात्या, पाव्हन्यात असं चालायचंच," म्हणाला. तात्या पुन्हा पोटभर जेवायला लागले. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्तच. राबणाऱ्याला भूक लागतेच.

८

भाद्रपदाची अमावास्या उद्यावर आली. अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं तो खांदा हळदीनं आणि लोण्यानं चोळायचा आणि बैलाच्या कानात आवतण द्यायचं.

तात्यांनी गोठ्यात दिवा ठेवला. दोन्ही बैलांचे खांदे निवांत चोळले, एकेकाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलांनी कान हलवले. मग तात्या गव्हाणीच्या दगडावर टेकले. दुपारी जरा जास्तच झालं होतं, पट्टीतली बाजरी काढणीला आली होती. मान वर धरवेना, ती त्यांनी खाली सोडली आणि डोळे मिटले.

मानेवर गार लोणी लागलं.

अहाहा! जिथं ठणकत होतं नेमकं तिथंच. हळदीचा वास आला. हात खरखरीत होता, पण जाणता. घट्ट्याच्या कडेकडेनं, घाई न करता, अंगठ्यानं रग काढत फिरत होता. तात्यांना लहानपण आठवलं. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आगं, जरा खाली," ते पुटपुटले. हात खाली सरकला.

"छबे, तुला कसं गं कळलं नेमकं..."

आणि तेव्हा सैपाकघरातून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज आला. छबूबाई उद्याचं पुरण वाटत होत्या. वाटता वाटता गुणगुणतही होत्या.

बैलांनी रवंथ थांबवलं होतं.

तात्यांनी मान फिरवली नाही. फिरवली असती तर डोळ्यानं पाहिलं असतं, आणि डोळ्यानं पाहिलेलं त्यांना नाकारता येत नव्हतं. ते खालीच बघत राहिले. दिव्याच्या उजेडात त्यांना स्वतःचे पाय दिसत होते, आणि त्यांच्या डावीकडं, त्याच दगडाशी, दुसरे दोन पाय. काळ्या मातीनं घोट्यापर्यंत भरलेले. टाचा उचललेल्या, बोटं जमिनीत रुतवलेली, थांबायचं ठाऊकच नसल्यासारखी. हात तात्यांच्या मानेवरून उचलला गेला आणि शेजारच्याच्या मानेवर गेला. तिथं चोळल्याचा आवाज आला, वाळलेलं कातडं चोळल्यासारखा. शेजारच्यानं सुस्कारा सोडला. तोही तात्यांसारखाच, बरं वाटल्याचा.

मग नुकत्याच उलटलेल्या मातीचा वास जवळ आला, कानाच्या अगदी जवळ. सावकाश, माया असलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

तात्यांनी नकळत कान हलवल्यासारखी मान हलवली.

थोड्या वेळानं बैलं पुन्हा रवंथ करायला लागली. आतून छबूबाईंची हाक आली, "अवो, आटपलं का? पुरन कमी पडंल का बगते. उद्या तुमच्या किती पोळ्या धरू?"

लक्ष्मणराव तात्यांनी मानेवरून हात फिरवला आणि तो दिव्यापुढं धरला. बोटं पिवळी झाली होती.

"माझ्या नगं धरू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात किती दिवसांचं समाधान होतं. "मला उद्याचं आवतण हाय."